७७७ नको: सामायिक गिट रेपोला ग्रुप परमिशन नीट कशी द्यायची

तुमची पाच जणांची टीम लिनक्स सर्व्हरवरची एकच बेअर रेपो (कामाच्या फाइली नसलेली, फक्त गिटचा इतिहास ठेवणारी रेपॉझिटरी) वापरते, प्रत्येकाचं लॉगिन वेगळं, आणि पुश (आपले बदल तिथे पाठवणं) कधी होतं, कधी 'इनसफिशियंट परमिशन' म्हणून अडतं. ७७७ (सगळ्यांना सगळे हक्क) दिल्यावर दोन दिवस चाललं, मग पुन्हा तेच. हे असंच होणार होतं.

गिट प्रत्येक ऑब्जेक्ट (साठवलेला मजकूर किंवा नोंद) त्याच्या हॅशच्या, म्हणजे मजकुरावरून काढलेल्या ओळखखुणेच्या, पहिल्या दोन अक्षरांच्या फोल्डरात ठेवतं. असे २५६ फोल्डर होऊ शकतात. ज्याच्या पुशमुळे फोल्डर पहिल्यांदा बनला, तो त्याच्या मालकीचा. तुमचा ऑब्जेक्ट सहकाऱ्याच्या फोल्डरात जायची वेळ आली की अडतं, एरवी बिनबोभाट जातं. ७७७ ने त्या दिवशीचे फोल्डर सुधारले, नंतर बनलेले नाहीत.

आधी ते ७७७ काढा, मालक आणि ग्रुप सोडून इतरांचे सगळे हक्क बंद करा. हुक (पुशच्या वेळी आपोआप चालणाऱ्या रेपोतल्या स्क्रिप्ट) पुश करणाऱ्याच्या खात्यातून चालतात, म्हणजे सर्व्हरवरचं कुठलंही लॉगिन तिथे स्क्रिप्ट ठेवून ती तुमच्या नावाने चालवू शकतं. ही गोष्ट आजच करा.

मग एक ग्रुप बनवून पाचही जणांना त्यात घाला. त्यासाठीची यूजरमॉड कमांड वापरताना मोठ्या जी-सोबत छोटा ए (-aG) हवाच. तो राहिला तर त्या माणसाचे बाकीचे जोडग्रुप उडतात. यात एका ॲडमिनचा सुडोचा (ॲडमिन म्हणून कमांड चालवण्याचा) हक्क गेलेला मी पाहिलाय. सगळ्यांनी लॉगआउट करून परत यायचं, कारण ग्रुपची यादी लॉगिनच्या वेळीच वाचली जाते.

आता सीएचग्रुप (फाइलींचा ग्रुप बदलणारी कमांड) वापरून पूर्ण रेपो त्या ग्रुपच्या नावे करा. फाइलींना ग्रुपसाठी वाचण्याचा हक्क पुरे, कारण गिट जुनी ऑब्जेक्ट फाइल बदलत नाही, नवी लिहितं. लिहिण्याचा हक्क आणि सेटजीआयडी बिट फक्त फोल्डरांना द्या. मग आत बनणारा नवा फोल्डर आपोआप त्याच ग्रुपचा होतो. हुक्सचा फोल्डर मात्र यातून वगळा, तिथे फक्त ॲडमिनने लिहावं. शेवटी रेपोच्या कॉन्फिगमध्ये कोअर.शेअर्डरिपॉझिटरी 'ग्रुप' करा. याने प्रत्येकाच्या यूमास्कचा (नव्या फाइलींचे हक्क कमी करणाऱ्या सेटिंगचा) प्रश्न मिटतो. पण ही सेटिंग पुढच्या फाइलींपुरतीच आहे, म्हणून आधीची साफसफाई टाळता येत नाही.

गिट २.३५.२ किंवा नंतरचं असेल आणि सर्व्हरवर रेपोत जाऊन कमांड चालवताना 'ड्युबियस ओनरशिप' (रेपोचा मालक दुसराच आहे) अशी एरर दिसली, तर परमिशन पुन्हा उचकू नका. आपल्या ग्लोबल कॉन्फिगमध्ये सेफ.डिरेक्टरीला तो पाथ जोडा.

कुणाला ठरावीक ब्रँचवरच लिहू द्यायचं असेल, तर ते फाइल परमिशनने जमत नाही. त्यासाठी गिटोलाइट (गिट रेपोंचे हक्क सांभाळणारं सॉफ्टवेअर) बसवा.