वेरूळच्या बसमधील पाहुण्यांसाठी

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. संभाजीनगरहून निघणाऱ्या एक दिवसाच्या बस सहलीवर मार्गदर्शक म्हणून तुला काम मिळाले, हे वाचून फार समाधान वाटले. छापील कार्यक्रमात वेरूळ, घृष्णेश्वर, खुलताबाद, दौलताबाद, पाणचक्की आणि बीबी का मकबरा अशी सहा ठिकाणे आहेत, आणि ती सगळी एका दिवसात कशी बसवावीत, असे तू विचारले आहेस. पाहुण्यांना जे छापून दिले आहे ते दाखवणे तुझे कर्तव्यच आहे, त्यामुळे गाडी सहाही ठिकाणी थांबव. मात्र वेळ सहा ठिकाणी सारखा वाटू नकोस. दिवसाचा मोठा वाटा वेरूळला आणि त्यातही कैलास लेण्याला दे, आणि उरलेल्या वेळात बाकीची ठिकाणे बसव.

असे सांगण्याचे कारण तुझ्या गाडीतल्या माणसांत आहे. अभ्यासक किंवा छायाचित्रकार आपापले येतात. बसमध्ये येतात ती कुटुंबे. गुडघे धरणारी आजी, डब्यांची पिशवी सांभाळणारी आई, खिडकीसाठी भांडणारी दोन भावंडे आणि सगळ्यांचा खर्च ज्याने केला तो बाप, ही सगळी माणसे एकत्र चालतात आणि त्यांचा वेग त्यांच्यात जो सर्वांत हळू चालतो त्याचाच असतो. प्रत्येक ठिकाणी अर्धा तास दिलास, तर आजी उतरून चार पावले चालेपर्यंत परत फिरण्याची वेळ झालेली असते आणि दिवसभरात तिने काहीच पाहिलेले नसते.

बहुतेक गाड्या वाटेत लागतो म्हणून दौलताबाद आधी करतात. तू मात्र सकाळी थेट वेरूळ गाठ. लेणी ज्या कड्यात कोरली आहेत तो पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे, त्यामुळे सकाळी डोंगराची सावली कैलासच्या प्रांगणात असते आणि म्हाताऱ्या माणसांना तिथे निवांत उभे राहता येते. दुपारी हाच काळा पाषाण तापतो. मूर्तींवर उजेड दुपारनंतर चांगला पडतो हे खरे, पण फोटोपेक्षा पाहुण्यांचे पाय महत्त्वाचे आहेत. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात. आरक्षण घेतानाच हे पाहून घेत जा.

वेरूळच्या ३४ लेण्यांपैकी पहिली १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन आहेत, एवढे गाडीतच सांगून टाक. प्रत्यक्षात सोळावे, म्हणजे कैलास, सावकाश दाखव आणि त्यानंतर चालू शकणाऱ्यांना दहाव्या लेण्यात ने. तिथे दगडी छताला लाकडी तुळयांसारख्या फासळ्या कोरल्या आहेत आणि त्या पाहून मुले हमखास माना वर करतात. जैन लेणी कैलासपासून किलोमीटरभराहून अधिक दूर आहेत. तिकडे सर्वांना चालवत नेण्याचा आग्रह धरू नकोस.

कैलासमध्ये शिरल्यावर लगेच बोलायला लागू नकोस. समोर गजलक्ष्मी आहे, तिला पाहू दे, मग सर्वांना प्रांगणाच्या मागच्या बाजूला ने आणि उभ्या कातळावरचे छिन्नीचे घाव दाखव. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, हा डोंगर वरून खाली कोरत आणला, म्हणजे कळस आधी आणि पाया शेवटी झाला, हे वाक्य ते घाव डोळ्यांसमोर असतानाच माणसांना पटते. मंदिराचा पाया हत्तींच्या रांगेने पेललेला दिसतो. तिथे मुलांना पुढे घे, आणि कोणता हत्ती काय करतो आहे हे त्यांनाच शोधायला सांग.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते यापुढचे. मंदिरात शिरताना उजव्या हाताला, दक्षिणेच्या भिंतीवर रामायणाचे प्रसंग ओळींनी कोरले आहेत आणि उत्तरेच्या भिंतीवर महाभारताचे. तिथे एखादाच प्रसंग ओळखून दे आणि पुढचा कोणता, असे गाडीतल्या वडीलधाऱ्या बायकांना विचार. ज्या आजीने सकाळपासून तोंड उघडलेले नसते ती वानरसेना ओळखते, नातवाचा हात धरून ओळीमागून ओळ सांगत जाते, आणि तिची सूनही ऐकायला थांबते. अशा वेळी तू बाजूला हो. आपली माहिती राहून गेली म्हणून मध्ये पडू नकोस, कारण घरातल्या माणसाने सांगितलेली गोष्ट मुलाच्या लक्षात राहते आणि तुझी सनावळी तो फाटकाबाहेर पडेपर्यंत विसरतो. त्याच दक्षिण बाजूला कैलास हलवणारा रावण आहे. त्याच्यासमोर तरी घाई करू नकोस.

घृष्णेश्वर अगदी जवळ आहे. गाभाऱ्यात पुरुषांना अंगातले काढून जावे लागते, हे गाडीतच सांग, म्हणजे रांगेत कोणी अवघडणार नाही. आजचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात उभारले, आणि वेरूळ हे मालोजीराजे भोसले यांचे गाव. मराठी कुटुंबांना हे सांगितलेच पाहिजे. श्रावणी सोमवारी इथे रांग फार वाढते, तेव्हा त्या दिवशी बाकीचा कार्यक्रम आणखी हलका ठेव. जेवण त्यानंतर. खुलताबादला भद्रा मारुतीचे दर्शन थोडक्यात होते.

दौलताबादला दुपारी गड चढवण्याच्या फंदात पडू नकोस. तटापासून १४४५ च्या चाँद मिनारापर्यंतचा सपाट भाग दाखव आणि अंधारी नावाचा काळोखा, वळणावळणाचा मार्ग शत्रूला कसा अडकवत असे ते खालूनच सांग. तरुण मुले वर जायचा हट्ट धरतील. त्यांना वेगळा दिवस काढून पहाटे यायला सांग, तो गड तेवढ्या मानाचा आहे.

परतीच्या वाटेवर दुकानात गाडी थांबवण्यासाठी तुला कमिशन देऊ केले जाईल. पाहुण्यांनी स्वतःहून हिमरूचे विणलेले कापड किंवा पैठणी पाहायची म्हटले तर जरूर थांब, एरवी नको. ती वेळ मकबऱ्याची आहे. त्याला ताजमहालाची नक्कल म्हणून हिणवू नकोस. संगमरवर भिंतीच्या खालच्या भागाला आणि घुमटालाच आहे, मधले काम चुन्याच्या गिलाव्याचे आहे, हे जवळ नेऊन दाखव. त्या गिलाव्यावरची नक्षी पाहून लोक स्वतःच थांबतात. पाणचक्की त्याआधी उरक.

पहिल्या फेरीपूर्वी एकदा घरच्या एखाद्या वयस्कर माणसाला बरोबर घेऊन वेरूळला जा आणि फाटकापासून रामायणाच्या भिंतीपर्यंत त्यांना किती वेळ लागतो, बसायला सावली कुठे मिळते, पाणी आणि स्वच्छतागृह किती दूर आहे, हे वहीत लिहून आण. ती वही मला दाखव. मग आपण मिळून वेळापत्रक बसवू.

कळावे, लोभ असावा.