जग एवढं बिघडलेलं असताना चाळीस दिवस उपवास करून काय साधतं?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: युद्धं चालू आहेत, माणसं देशोधडीला लागताहेत, आणि ख्रिस्ती लोक ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात गोडधोड सोडून बसतात, त्याने कोणाचं काय भलं होतं?

गोड सोडल्याने कोणाचंच होत नाही. ‘यंदा काय सोडलंस?’ ही चौकशी मलाही कंटाळवाणी वाटते. कॅथलिक चर्चच्या नियमाप्रमाणे सक्तीचे उपवास दोनच, राखेचा बुधवार (या काळाचा पहिला दिवस, तेव्हा कपाळाला राख लावतात) आणि गुड फ्रायडे. शुक्रवारी मांस वर्ज्य. (रविवार धरत नाहीत म्हणून चाळीस, कॅलेंडरवर मोजाल तर शेहेचाळीस भरतील.) बाकीचं ज्याचं त्याने ठरवायचं.

मला या काळाचा अर्थ राखेपाशी लागतो. ती राख येते मागच्या वर्षीच्या झावळ्यांची. ईस्टरच्या आधीच्या रविवारी, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, येशूच्या यरुशलेमप्रवेशाची आठवण म्हणून त्या हातात धरून आम्ही ‘होसान्ना’ हा जयघोष गातो. त्याच मिस्सेत (उपासनेत) ख्रिस्ताच्या दुःखसहनाचं वाचन असतं आणि त्यात जमावाची वाक्यं भाविकांनीच म्हणायची असतात. म्हणजे पाऊण तासापूर्वी जयजयकार करणारे आम्हीच ‘त्याला क्रुसावर खिळा’ म्हणतो. दरवर्षी त्या ओळीला माझा आवाज आपोआप खाली जातो. पुढच्या वर्षी त्याच झावळ्या जाळून कपाळाला लावतात. फादरांचा अंगठा खरखरीत लागतो, दोन कण चष्म्यावर पडतात, आणि ‘तू माती आहेस’ हे शब्द तान्ह्या बाळालाही तेच आणि मलाही तेच. जग कोणी बिघडवलं, या प्रश्नाच्या उत्तरात मी स्वतःला धरतच नव्हतो, हे मला तिथे कळतं.

पश्चात्ताप म्हणजे हळहळ नव्हे. बायबलमधला हिब्रू शब्द ‘मागे फिरणे’ असा आहे आणि ग्रीक ‘मेटानोइया’ म्हणजे मन पालटणे. योनाच्या पुस्तकात निनवे शहराचे लोक गोणपाट नेसतात, उपवास करतात; पण देव काय पाहतो? ते वाईट मार्गावरून फिरले हे. येशूला भेटलेला जक्कय तर रडल्याचाही उल्लेख नाही. हा जकातदार उभा राहून सरळ हिशेब मांडतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत.

माझंच सांगतो. अनेक वर्षं मी पापनिवेदनात, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करताना, ‘मला राग येतो’ एवढंच सांगत आलो. सोयीचं होतं. एकदा फादरांनी विचारलं, ‘कोणावर?’ मग निघालं ते असं. आईच्या आजारपणाच्या खर्चात धाकट्या भावाने हात आखडता घेतला, असं मी चार नातेवाइकांना सांगितलं होतं. नंतर कागद चाळताना दिसलं, त्याने त्याचा वाटा परस्पर भरला होता. मी गप्प बसलो. बोललेलं तसंच राहिलं आणि घरात दोन तट पडले. फादर म्हणाले, ‘देवाची क्षमा मिळेल, पण ज्यांच्या कानात घातलंत त्यांच्याकडे जाऊन काढायलाही हवं.’

तेव्हा युद्धाचं म्हणाल, तर माझ्या उपवासाने एकही तोफ थंडावत नाही, आणि म्हणून प्रार्थना व दानधर्म सोडायचा असंही नाही. यशया संदेष्ट्याने तर अन्यायाच्या बेड्या तोडणं आणि भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं यालाच उपवास म्हटलंय. पण निदान ज्या भांडणाला मी स्वतः काडी लावली, ते तरी विझवायला मला कोणत्या सरकारची परवानगी लागत नाही.

भावाला फोन केला तेव्हा तो बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, ‘मला माहीत होतं.’ चारपैकी तिघांना खरं काय ते सांगून झालंय. मोठ्या मावशीचा फोन राहिलाय; ती ऐकून घेणार नाही म्हणून मी टाळतोय. ईस्टरला अजून अकरा दिवस आहेत.