वाचक विचारतात : पहिल्या दिवसाचा भाव

(या सदरातल्या सर्व किमती कंपन्यांनी जाहीर केलेल्या, अमेरिकी डॉलरमधल्या आहेत.)

प्रश्न : मी घरून त्रिमितीय अ‍ॅनिमेशनची कामं करतो. सोळा कोअरचा, म्हणजे एकाच वेळी स्वतंत्र काम करणाऱ्या सोळा भागांचा, नवा प्रोसेसर आला की दर वेळी घ्यावासा वाटतो आणि किंमत बघून हात आखडतो. नखाएवढ्या चिपला सहाशे-सातशे डॉलर कशाचे? आणि थांबलं तर भाव खरंच उतरतो का?

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि कपाटातली वही काढली. मी माहितीपटांचं संकलन करते. काम सुरू केलं तेव्हापासून प्रत्येक बड्या प्रोसेसरची जाहीर किंमत या वहीत तारखेसह टिपून ठेवते. पहिल्या पानावर मागाहून लिहिलेली एक नोंद आहे : मार्च १९९३, पेंटियम, ६६ मेगाहर्ट्झ, ९६४ डॉलर. महागाई धरली तर आजचे दोन हजारांहून जास्त. म्हणजे सगळ्यात वरची पायरी आज अचानक महाग झालेली नाही, ती पूर्वीपासूनच महाग आहे. मात्र ती कधी चढते आणि कधी उतरते हे बघण्यासारखं आहे.

मे २०१६ ची नोंद मी लाल शाईने केली होती. इंटेलचा कोअर आय७-६९५०एक्स, दहा कोअर, १७२३ डॉलर. घरच्या संगणकात बसणाऱ्या प्रोसेसरपुढे एवढा आकडा मी तोवर लिहिला नव्हता. त्याच्या खालचा आठ कोअरचा ६९००के होता १०८९ ला. मग मार्च २०१७ मध्ये इंटेलच्या प्रतिस्पर्धी एएमडीने आठ कोअरचा रायझन ७ १८००एक्स ४९९ डॉलरला आणला आणि त्याच ऑगस्टमध्ये सोळा कोअरचा थ्रेडरिपर १९५०एक्स ९९९ ला. पुढची दोन पानं वाचताना मला आजही नवल वाटतं. सप्टेंबर २०१७ : इंटेलचा अठरा कोअरचा आय९-७९८०एक्सई, १९९९ डॉलर. नोव्हेंबर २०१९ : आय९-१०९८०एक्सई, तेवढेच अठरा कोअर, चिप कोरण्याची पद्धतही तीच, १४ नॅनोमीटरची, किंमत ९७९. चिप बनवण्याचा खर्च दोन वर्षांत काही निम्म्यावर आला नव्हता. समोर तोडीचा गडी उभा राहिला होता. माझ्या मते वरच्या पायरीच्या किमतीबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ती ही आहे.

उलटंही घडतं. चौसष्ट कोअरचा थ्रेडरिपर ३९९०एक्स फेब्रुवारी २०२० मध्ये ३९९० डॉलरला आला. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या ७९८०एक्समध्येही कोअर चौसष्टच होते. ते अर्थात अधिक वेगवान होते, पण किंमत ४९९९ झाली.

आता ‘नखाएवढ्या’ चिपबद्दल. प्रोसेसर सुटासुटा बनत नाही. तीनशे मिलिमीटर व्यासाच्या सिलिकॉनच्या गोल चकतीवर, म्हणजे वेफरवर, शेकडो चिप एकदम कोरल्या जातात. २०१९ च्या रायझनमधला आठ कोअरचा तुकडा साधारण ७४ चौरस मिलिमीटरचा होता. एका वेफरवर असे आठशेच्या आसपास बसतात. ते सगळे सारखे निघत नाहीत. कुठे एखादा कोअर निकामी असतो, कुठे सगळे चालतात पण जास्त वीज मागतात, आणि थोडे असे असतात की कमी व्होल्टेजवरही वेगात धावतात. मग तपासणी होते आणि प्रतवारी लागते. दोन कोअर बंद केलेला तुकडा रायझन ५ ३६०० मध्ये गेला, किंमत १९९. सगळे कोअर शाबूत असलेले दोन तुकडे जोडून सोळा कोअरचा ३९५०एक्स झाला, किंमत ७४९. आणि असेच आठ तुकडे एका पाटावर बसवून सर्व्हरसाठीचा एपिक ७७४२ झाला, ६९५० डॉलरचा. भागाकार करून बघा. घरच्या प्रोसेसरमध्ये एका तुकड्यामागे पावणेचारशेच्या आसपास, सर्व्हरमध्ये साडेआठशेच्या वर. यात बाकीचे भाग आणि जोडणी आलीच, तरी चांगला तुकडा हाती आल्यावर कंपनी तो कुठे पाठवेल हे सांगायला नको. नवं उत्पादन सुरू होतं तेव्हा असे तुकडे मोजकेच असतात. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत माल कमी येतो आणि विक्रेते जाहीर किमतीवर आणखी चढवतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये रायझन ७ ९८००एक्स३डी ४७९ डॉलरला जाहीर झाला, पण त्या भावात तो मिळवायला कित्येकांना वाट पाहावी लागली.

जाता जाता एक बारकावा. इंटेल वर्षानुवर्षं जी किंमत जाहीर करत आली ती एकदम हजार नग उचलणाऱ्यांसाठीची होती. सुटा एक नग घेणाऱ्याने तो आकडा धरून बसू नये.

थांबण्याबद्दल विचारलंत. माझी वही सांगते की बहुतेक वेळा थांबावं. १८००एक्सची ४९९ ही किंमत दहा महिन्यांत अधिकृतपणे ३४९ वर आली. रायझन ९ ७९५०एक्स सप्टेंबर २०२२ च्या अखेरीस ६९९ ला आला आणि दोन महिन्यांच्या आत सहाशेच्या खाली मिळू लागला. पण तुमचं काम अ‍ॅनिमेशनचं आहे, तेव्हा सरसकट ‘थांबा’ म्हणणार नाही. रेंडर, म्हणजे दृश्यांची अंतिम चित्रं तयार करण्याचं काम, प्रोसेसरवर करत असाल तर ते काम कोअर जवळजवळ पुरेपूर वापरतं. रात्री लावलेलं रेंडर आज सकाळी अकराला संपत असेल आणि नव्या प्रोसेसरवर ते सातला संपणार असेल, तर रोजचे चार तास तुमच्या हाती येतात. त्या चार तासांत तुम्ही खरोखर पैसे मिळवणार असाल तर शंभर डॉलर वाचवण्यासाठी तीन महिने थांबणं तोट्याचं आहे. आणि रेंडर ग्राफिक्स कार्डावर करत असाल तर हा प्रोसेसर आज नको, पुढच्या वर्षीही नको. ते पैसे कार्डात घाला.

प्रश्न : माझी मुलगी वास्तुरचनेच्या दुसऱ्या वर्षात आहे. वर्गातल्या मुलांनी तिला सांगितलं की सर्वात वरचा प्रोसेसरच घ्यायला हवा, नाहीतर आराखडे अडकतात. मला यातलं काही कळत नाही. तिला नाही म्हणवत नाही आणि एवढा खर्च झेपतही नाही.

उत्तर : ताई, तुम्ही ‘नाही’ म्हणू नका, तिला मोजायला सांगा. ज्या फाईलवर संगणक अडकतो तीच उघडून विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे संगणकाचा कोणता भाग किती राबतोय हे दाखवणाऱ्या खिडकीत, प्रत्येक कोअरचा वेगळा आलेख लावायचा आणि नेहमीसारखं काम करायचं. आराखडे काढण्याच्या आणि प्रतिकृती फिरवून बघण्याच्या कामात बहुधा एकच कोअर घामाघूम झालेला असतो आणि बाकीचे निवांत असतात. सोळा कोअरच्या प्रोसेसरवर असं झालं तर एकूण वापर दहा टक्क्यांच्याही खाली दिसतो आणि काम तरी अडकलेलंच असतं.

१९६७ मध्ये जीन अ‍ॅमडाल या संगणकतज्ज्ञाने मांडलेला हिशेब इथे लागू पडतो. कामाचा पाव भाग एकापाठोपाठ एकच व्हायचा असेल, तर कोअर कितीही वाढवा, काम चौपटीपेक्षा वेगाने होणार नाही. म्हणून तिने कोअरची संख्या मोजण्याआधी एका कोअरचा वेग बघावा. ऑगस्ट २०२४ चीच जोडी घ्या. सोळा कोअरचा रायझन ९ ९९५०एक्स ६४९ डॉलरला आला, कमाल वेग ५.७ गिगाहर्ट्झ. आठ कोअरचा रायझन ७ ९७००एक्स ३५९ ला, कमाल वेग ५.५. एका कोअरच्या कामात फरक चार टक्क्यांच्या आत, किमतीत जवळपास दुपटीचा. शिवाय पहिल्याला कूलर मोठा लागतो आणि पॉवर सप्लायही तगडा लागतो. तो खर्च प्रोसेसरच्या किमतीत कुठेच लिहिलेला नसतो.

हे इतकं ठासून सांगते कारण मी स्वतः ही चूक केली आहे. एका मोठ्या माहितीपटाआधी साठवलेले सगळे पैसे मी प्रोसेसरमध्ये घातले आणि डिस्क जुनीच फिरती ठेवली, रॅमही तेवढीच. पहिल्या रात्री चित्रफीत खेचत बसले, तेव्हा प्रोसेसरचा आलेख तळाशी आणि डिस्कचा शंभर टक्क्यांवर. ते पूर्ण वर्ष मी त्या डिस्कची वाट बघत काम केलं. तुमच्या मुलीचे ते वर्ष शिकण्याचे आहे. ३५९ चा प्रोसेसर, भरपूर रॅम आणि चांगली एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, घ्या. तिने मोजलेले आलेख मला पाठवले तर मी ते जरूर बघेन.

प्रश्न : सात-आठ वर्षांपूर्वीचा रायझन वापरतो. नवा प्रोसेसर घ्यायचा तर मदरबोर्ड आणि रॅमही बदलावी लागेल असं सांगतात. हे खरं आहे का?

उत्तर : अगदी नवी पिढी घ्यायची तर खरं आहे, कारण एएमडीने २०२२ मध्ये सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची खाच, बदललं आणि त्याला डीडीआर५ या नव्या प्रकारची रॅमच लागते. पण तुमचा बोर्ड एएम४ सॉकेटचा असणार. त्या सॉकेटवर पुढेही प्रोसेसर येत राहिले. एप्रिल २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी २०१७ च्या कित्येक बोर्डांवर बायॉस, म्हणजे बोर्डातला संगणक सुरू करणारा प्रोग्रॅम, अपडेट करून चालतो आणि संगणकावरच्या खेळांसाठी तो आजही दमदार आहे. आधी बोर्डावर छापलेलं मॉडेलचं नाव उतरवून घ्या आणि बोर्डाच्या कंपनीने दिलेल्या यादीत हवा तो प्रोसेसर आहे का ते तपासा. बायॉसचं अपडेट जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करा. तो काढून नवा बसवला आणि बोर्डाने ओळखलाच नाही, तर अपडेटसाठी जुनाच परत बसवावा लागेल.