कंटेनर इमेजला टॅग कोणता द्यावा: लेटेस्ट, सेमव्हर की गिट कमिट?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कंपनीतल्याच वापराच्या पाच-सहा सर्व्हिसेस, सगळ्यांच्या कंटेनर इमेजवर (कोड आणि तो चालवायला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं गाठोडं) 'लेटेस्ट' टॅग, म्हणजे इमेजला लावलेलं नाव, आणि रोलबॅक करायची, म्हणजे आधीच्या आवृत्तीवर परतायची वेळ आली तेव्हा आधीची इमेज कोणती हेच कळेना. आता टीम लीड म्हणतात सेमव्हर (आवृत्तीचे तीन आकडे) लावू, तुम्ही म्हणता गिट कमिट (कोडच्या त्या बदलाची गिटमधली खूण) लावू. माझ्या मते तुमचं बरोबर आहे, पण अर्धंच.

आधी 'लेटेस्ट'चा निकाल लावू. इमेज बनवणाऱ्या डॉकरच्या लेखी या शब्दाला काहीही अर्थ नाही. तुम्ही टॅग दिला नाहीत तर तो हा शब्द आपणहून जोडतो, बस्स. जुन्या ब्रँचवरून हॉटफिक्स बिल्ड करून टॅग न देता पुश केलात, तर तोच 'लेटेस्ट'. पण त्याजागी 'स्टेबल' किंवा 'प्रॉड' असा एक टॅग ठेवून त्यावरच पुन्हापुन्हा पुश करणं त्याहून वाईट. कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटीजमध्ये टॅग 'लेटेस्ट' असेल किंवा दिलाच नसेल, तर पुल पॉलिसी, म्हणजे इमेज कधी ओढायची याचा नियम, आपोआप 'ऑल्वेज' (दरवेळी) होते. दुसरा कुठलाही टॅग असेल तर 'इफ नॉट प्रेझेंट' (आधीपासून नसेल तरच). म्हणजे ज्या नोडवर (मशीनवर) कालची 'प्रॉड' इमेज पडून आहे तो कालचीच चालवणार आणि नवा नोड आजची ओढणार. एका डिप्लॉयमेंटचे तीन पॉड (चालू प्रती), त्यात दोन वेगळे कोड. मग बसा लॉग वाचत.

म्हणून नावाचा वाद नंतर घाला, आधी एकदा पुश झालेला टॅग पुन्हा हलणार नाही याची सोय करा. एडब्ल्यूएसच्या ईसीआर या रजिस्ट्रीत, म्हणजे इमेज साठवायच्या जागी, टॅग इम्युटेबल (न बदलणारा) करण्याचं सेटिंग आहे, इतरही बऱ्याच रजिस्ट्रींमध्ये तशी सोय असते. टीममध्ये ठरवून हे पाळलं जात नाही. रजिस्ट्रीनेच नकार दिला पाहिजे.

आता सेमव्हर. मेजर, मायनर, पॅच हे तीन आकडे म्हणजे वापरणाऱ्याला दिलेला शब्द असतो: मेजर बदलला नाही तोवर तुझं काही मोडणार नाही. तुमची सर्व्हिस दुसरं कोणी आवृत्ती निवडून वापरत नाही, मुख्य ब्रँचवर मर्ज झालं की ती थेट डिप्लॉय होते. मग हा शब्द द्यायचा कोणाला? दर मर्जला 'हा मायनर की पॅच' यावर खल होतो आणि शेवटी सगळेच पॅच वाढवतात. तुम्ही बाकीच्या टीम्ससाठी बेस इमेज (जिच्यावर त्या आपली इमेज रचतात) बनवत असाल तर मात्र सेमव्हर जरूर लावा.

पण खरा मुद्दा वेगळाच आहे. सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि इमेजची आवृत्ती या एकच नव्हेत. पोस्टग्रेस या डेटाबेसचं बघा. २०१७ साली आलेल्या आवृत्ती १० पासून त्यांचे दोनच आकडे असतात, मेजर आणि मायनर. त्याआधी ९.५ वरून ९.६ वर जाणं हीसुद्धा मेजर उडी होती, डेटा डिरेक्टरी नव्या सर्व्हरला उघडत नसे. सेमव्हरच्या सवयीने ज्याने 'पोस्टग्रेस:९' लिहिलं तो फसलाच. आज 'पोस्टग्रेस:१६' लिहिलं की तो धोका नाही, दुसरा आहे. २०२५ मध्ये डेबियन या लिनक्सची आवृत्ती १३, म्हणजे ट्रिक्सी, आली आणि अधिकृत इमेज आधीच्या बुकवर्मवरून (डेबियन १२) तिच्यावर गेली. टॅग तोच, पोस्टग्रेस तेच, पण खालची जीलिबसी ही लिनक्सची मूळ सी लायब्ररी २.३६ ची २.४१ झाली. मजकुराचा अकारविल्हे क्रम पोस्टग्रेस बहुतेक ठिकाणी जीलिबसीकडून घेतो, त्यामुळे लॉगमध्ये 'कोलेशन व्हर्जन मिसमॅच'च्या (क्रमाची आवृत्ती जुळत नाही) वॉर्निंग सुरू. क्रम खरंच बदलला असेल तर मजकुरावरचे इंडेक्स चुकीची उत्तरं देऊ शकतात. त्यावर उपाय आधी रीइंडेक्स (इंडेक्स नव्याने बांधणं), मग कोलेशन व्हर्जन रिफ्रेश (नोंदलेली आवृत्ती ताजी करणं). हाच क्रम उलटा केलात तर वॉर्निंग जाते आणि दुखणं राहतं. टॅगमध्ये 'बुकवर्म' लिहिलेलं असतं तर हा बदल तुम्ही ठरवाल तेव्हा झाला असता. पायथॉनच्या 'स्लिम' इमेजचंही तेच: जून २०२३ मध्ये '३.११-स्लिम' बुल्सआयवरून (डेबियन ११) बुकवर्मवर गेली आणि ज्यांच्या डॉकरफाइलमध्ये (इमेज कशी बनवायची ते सांगणारी फाइल) 'लिबएसएसएल १.१' हे पॅकेज होतं त्यांचे बिल्ड पडले, कारण बुकवर्ममध्ये ते नाहीच.

कमिट अर्धंच बरोबर का, तेही यातूनच कळेल. सुरक्षेचा पॅच आला म्हणून बेस बदलून तुम्ही तोच कोड पुन्हा बिल्ड केलात, तर कमिट तोच, इमेज दुसरी. शिवाय नुसत्या कमिटवरून आधीचा कोण आणि नंतरचा कोण हे कळत नाही. म्हणून तारीख, सीआयचा (आपोआप बिल्ड करणाऱ्या यंत्रणेचा) बिल्ड नंबर आणि कमिटची पहिली आठ अक्षरं, मध्ये हायफन, असा टॅग करा. नुसता कमिट ठेवण्यात आणखी एक छुपी खोच आहे: कधीतरी त्यात सगळे अंकच येतात, किंवा अंकांमध्ये एकच 'ई' येतो. अवतरणचिन्हं नसतील तर यॅमल (कॉन्फिगरेशन फाइल्सचा फॉरमॅट) त्याला संख्या समजतो आणि हेल्म (कुबरनेटीजच्या फाइल्स तयार करणारं साधन) भलताच टॅग छापतो. आणि हो, सेमव्हरमध्ये चालणारं अधिकचिन्ह टॅगमध्ये चालत नाही.

तरीही टॅग हे माणसांनी वाचायचं नाव. प्रॉडक्शनच्या मॅनिफेस्टमध्ये (काय चालवायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) टॅगपुढे एसएचए-२५६ डायजेस्टही (इमेजच्या आशयावरून निघणारा ठसा) लिहा. दोन्ही असले की इमेज डायजेस्टवरूनच ओढली जाते. बेस इमेजलाही तसंच. ते आकडे हाताने बदलत बसू नका, रेनोव्हेट किंवा डिपेंडाबॉट ही साधनं त्या बदलाची पुल रिक्वेस्ट काढून देतात. मात्र डॉकर हबच्या पानावरून डायजेस्ट उचलताना जपून: तिथे दर आर्किटेक्चरचा (प्रोसेसरच्या प्रकाराचा) वेगळा डायजेस्ट दिसतो. आर्मचा उचलून इंटेलच्या सर्व्हरवर लावलात तर 'एक्झेक फॉरमॅट एरर'. सगळ्या आर्किटेक्चर्सचा मिळून जो वरचा असतो तो घ्या.

रजिस्ट्रीत जुन्या इमेज आपोआप उडवण्याचा नियम लावला असेल तर तोही तपासा. तीस दिवसांपूर्वीचं सगळं काढ असा नियम असेल आणि एखादी सर्व्हिस दोन महिने बदललेलीच नसेल, तर तिची चालू इमेजही जाते. पॉड दुसऱ्या नोडवर हलेपर्यंत हे कोणाच्या लक्षातही येत नाही.