12 जण, 14 दिवस आणि उदगीरचा मोंढा

प्रश्न : ताई, माझे वडील उदगीरच्या मोंढ्यात एका अडत दुकानावर मुनीम आहेत. शेतकऱ्याला आपल्या मालाची पट्टी घरबसल्या काढून बघता यावी म्हणून मी एक अँड्रॉइड अ‍ॅप केलंय. वजन, भाव, हमाली, तोलाई टाकली की हातात किती पडणार ते दिसतं. 25 डॉलर भरून गूगल प्लेवर खातं काढलं, तर आता म्हणे आधी 12 जणांकडून 14 दिवस चाचणी करून घ्या. घरचे आणि मित्र धरून 13 जणांना लिंक पाठवली. तिघांना अ‍ॅप सापडतच नाही, दोघं कंटाळून बाहेर पडले. इंटरनेटवर एक जण भेटलाय, पैसे घेऊन 12 टेस्टर देतो म्हणतो. घेऊ का?
– एक वाचक, उदगीर

उत्तर : नका घेऊ. चौदा दिवस भरले की अ‍ॅप आपोआप खुलं होत नाही, त्यापुढे एक अर्ज असतो. ही गोष्ट त्या माणसाने तुम्हाला सांगितली नसणार. अर्जात गूगल विचारतं की टेस्टर कुठून आणले, त्यांनी अ‍ॅप कसं वापरलं, काय सांगितलं आणि त्यावरून तुम्ही काय बदललं. भाड्याचे टेस्टर अ‍ॅप उघडणार आणि बंद करणार. पट्टी कशाशी खातात हेच त्यांना ठाऊक नाही, मग त्या रकान्यांत तुम्ही लिहिणार काय? टेस्टरांनी अ‍ॅप खरोखर वापरल्याचं दिसलं नाही, तर ‘आणखी चाचणी करा’ असं उत्तर येऊ शकतं. म्हणजे पैसेही गेले आणि पंधरवडाही.

नियम एकदा नीट समजून घ्या. 13 नोव्हेंबर 2023 नंतर काढलेल्या वैयक्तिक खात्यांना तो लागू आहे. सुरुवातीला 20 जण लागायचे, डिसेंबर 2024 मध्ये ते 12 केले. हे बारा जण ‘क्लोज्ड टेस्टिंग’मध्ये, म्हणजे तुम्ही यादीत घातलेल्या ठरावीक माणसांच्या चाचणीत, हवेत. ‘इंटर्नल टेस्टिंग’ (आपल्याच जवळच्या थोड्या जणांची आधीची चाचणी) महिनाभर चालवलं तरी ते यात धरत नाहीत. शिवाय चौदा दिवस सलग हवेत. आज बाहेर पडून परवा परत आलेल्याची मोजणी पहिल्यापासून. तुमचे तेरातले दोघं गेले, तीन आत आलेच नाहीत, म्हणजे उरले आठ. माझ्याकडे लातुरात शिकायला येणाऱ्या पोरांना मी सोळा-सतरा जण घ्यायला लावते. एखाद्याचा फोन पाण्यात पडतो, एखाद्याचं तुमच्याशी वाजतं, काहीही होतं.

आता त्या तिघांचं. शंभरातल्या नव्वद वेळा घोळ जीमेलचा असतो. आपल्याकडे फोन चालू करून देतो दुकानदार, जीमेल काढतो भाचा, आणि मालकाला पत्ता विचारला तर तो तिसराच सांगतो. त्यांना प्ले स्टोअर उघडून वर उजवीकडच्या गोलावर बोट ठेवायला सांगा. तिथे जो पत्ता दिसतो तोच तुमच्या यादीत हवा. मग तुमची लिंक उघडून आधी ‘टेस्टर व्हा’चं बटण दाबायचं, अ‍ॅप त्यानंतर. नुसतं नाव शोधून ते सापडणार नाही. तरीही दिसत नसेल तर टेस्टिंगच्या पानावर देशांच्या यादीत भारत निवडलाय का ते बघा. तो राहून जातो आणि माणूस आठ दिवस टेस्टरांवर चिडत बसतो.

पण खरा मुद्दा बारा जण कोण, हा आहे. घरच्यांना सोडा. आई ‘छान आहे रे’ म्हणणार, मित्र अंगठा पाठवणार. तुमचे वडील रोज ज्यांच्यात बसतात ते मुनीम, दोन-चार हमाल-मापाडी, कट्टे घेऊन आलेले शेतकरी, असे गोळा करा. आणि चौदा दिवस असे निवडा की मोंढा चालू असेल. दिवाळीच्या सुट्टीत सौदेच निघत नाहीत, तेव्हा पट्टीचं अ‍ॅप कोण उघडणार? दसऱ्यानंतर सोयाबीनची आवक जोरात असते तेव्हा, नाहीतर जानेवारी-फेब्रुवारीत तुरीच्या वेळी.

मोंढ्यातला माणूस काय शोधून देतो ते सांगते. तुमचा फोन इंग्रजीत असणार. शेतकऱ्याने तो मराठीत ठेवलेला असतो. अँड्रॉइडवर रक्कम दोन दशांशांपर्यंत मांडायची जी नेहमीची आज्ञा आहे, ती फोनची भाषा बघते. इंग्रजी फोनवर 4650.50 लिहिते, मराठी फोनवर ४६५०.५०. दिसायला झकास. पण तोच आकडा उचलून पुढे हमाली वजा करायला गेलात की जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेतली दशांश वाचणारी आज्ञा देवनागरी आकडे वाचू शकत नाही आणि अ‍ॅप धाडकन बंद पडतं. गंमत म्हणजे पूर्णांक वाचणारी आज्ञा हेच आकडे मुकाट वाचते. त्यामुळे 12 क्विंटलला सगळं सुरळीत आणि साडेबाराला बंद. तुमच्या टेबलावर हे जन्मात दिसणार नाही. ‘भाऊ, आमच्याकडं बंदच पडायलंय’ असा फोन येईल तेव्हा आधी त्याच्या फोनची भाषा विचारा. उपाय दोन ओळींचा आहे. हिशोबासाठी आकडा मांडताना भाषा ठरवून द्या आणि वजनाच्या खान्यात कुणी मराठी कळफलकावरून आकडे टाकले तर वाचण्याआधी ते बदलून घ्या.

दुरुस्ती केली की नवी आवृत्ती त्याच क्लोज्ड टेस्टिंगमध्ये चढवा. व्हर्जन कोड, म्हणजे आवृत्तीचा क्रमांक, मात्र वाढवावाच लागतो. त्याने चौदा दिवस पहिल्यापासून मोजले जात नाहीत, उलट अर्जात लिहायला हाताशी माल येतो. कोण काय म्हणालं ते तारखेसह एका वहीत टिपून ठेवा. ‘चांगला प्रतिसाद मिळाला’ असलं सरकारी वाक्य लिहू नका, वहीतलंच उतरवा. उत्तर बहुतेकदा आठवड्याच्या आत येतं.

प्रश्न : ऊसतोड टोळीचा उचल (आगाऊ दिलेले पैसे) आणि कोयत्यांचा (तोडणीच्या जोडप्यांचा) हिशोब ठेवणारं अ‍ॅप आम्ही दोघी बहिणींनी केलंय. लॉगिन मोबाइल नंबर आणि ओटीपीने आहे. तपासणीत ते परत आलं, ‘आत जाता येत नाही’ म्हणून. दुसरं असं की, संस्थेच्या नावाने खातं काढलं तर 12 जणांची अट चुकते म्हणे, खरं का?
– एक वाचक, गेवराई

उत्तर : तपासणाऱ्याकडे तुमचं सिमकार्ड नाही, मग त्याला ओटीपी येणार कुठून? एक नमुन्याचा नंबर आणि कधीच न बदलणारा ओटीपी सर्व्हरवर बसवा आणि ‘अ‍ॅप अ‍ॅक्सेस’च्या पानावर लिहून द्या. त्या खात्यात आठ-दहा खोट्या मजुरांची उचल भरून ठेवा, रिकाम्या पानावरून कुणाला काही कळत नाही. खऱ्या मजुरांची नावं आणि आधार नंबर तिथे चुकूनही नकोत.

अट चुकते, हे खरं. पण संस्था कागदोपत्री नोंदलेली हवी आणि तिला डी-यू-एन-एस नंबर, म्हणजे संस्थेची ओळख पटवणारा क्रमांक, लागतो. तो फुकट मिळतो, पण मिळायला 30 दिवसही लागू शकतात. संस्थेचा पत्ता आणि फोन प्ले स्टोअरवर सगळ्यांना दिसतो. घरचा पत्ता देणार असाल तर आधी घरच्यांशी बोला. केवळ बारा माणसं टाळायला हा खटाटोप असेल तर मला पटत नाही. तुमच्या एका टोळीतच बारा जण निघतील. फक्त टोळ्या दसरा-दिवाळीनंतर गाव सोडतात, तेव्हा जीमेल आणि लिंकचं काम त्याआधी गावातच उरका. फडात रेंज नसेल तर अ‍ॅप इंटरनेटशिवाय नोंद घेतं का, तेही तिथेच कळेल.

प्रश्न : आयफोनसाठीही 12 टेस्टर लागतात का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : नाही. अ‍ॅपलकडे टेस्टरांच्या संख्येची अट नाही. टेस्टफ्लाइट या त्यांच्या चाचणीच्या सोयीवर बाहेरचे 10,000 जण घेता येतात आणि एक बिल्ड (चाचणीची आवृत्ती) 90 दिवस चालते. पण वर्षाला 99 डॉलर भरावे लागतात, आणि ते दरवर्षी. तुमच्या ओळखीत आयफोन किती जणांकडे आहेत ते आधी मोजा.