एका दातावरून वय कसं कळतं, आणि हाडावरून का नाही?

मूळ प्रश्न असा आहे: ओळख न पटलेल्या एका सांगाड्याचं वय फक्त एका दातावरून '४५च्या आसपास' काढलं, असं वाचनात आलं. दातात असं काय बदलतं, हाड का चालत नाही, आणि या आकड्यावर किती विसंबायचं? मी बरीच वर्षं प्रयोगशाळेत हेच काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हाडाचं बघू. हाडाचं पाडकाम आणि बांधकाम जन्मभर चालू असतं. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण १० टक्के भाग दरवर्षी नव्याने घडतो. त्यामुळे पन्नाशीतल्या माणसाची फासळी घेतली, तर तिच्यातलं प्रथिन पन्नास वर्षांचं नसतं. थोडं अलीकडचं, थोडं जुनं, अशी सगळी सरमिसळ असते. दाताचं तसं नाही. इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कठीण कवच, बनवणाऱ्या पेशी दात वर येईपर्यंत संपून जातात. त्याखालच्या डेंटिनमध्ये आतल्या बाजूने थोडी भर पडत राहते, पण एकदा बनलेला थर काढून दुसरा घातला जात नाही. लहानपणी जे प्रथिन तिथे बसलं, ते म्हातारपणापर्यंत तिथेच. सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे.

त्या प्रथिनातली अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिन ज्यांचं बनतं ते छोटे रेणू, डाव्या-उजव्या हातासारख्या दोन रूपांत असू शकतात. घटक तेच, पण एक दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब. आपलं शरीर प्रथिनं बांधताना फक्त डावं रूप वापरतं. पुढे काळ जाईल तसे काही रेणू आपोआप पलटून उजवे होतात. याला रेसिमायझेशन म्हणतात. अ‍ॅस्पार्टिक आम्ल यात विशेष लवकर पलटतं, तरी त्याचा वेग शरीराच्या तापमानाला वर्षाला साधारण ०.१ टक्का इतकाच आहे. हेल्फमन आणि जेफ्री बाडा या शास्त्रज्ञांनी १९७५ साली इनॅमलमध्ये आणि पुढच्या वर्षी डेंटिनमध्ये हा बदल वयाबरोबर वाढतो हे दाखवलं. (आर्क्टिकमधल्या बोहेड व्हेलच्या डोळ्याच्या भिंगावर हीच पद्धत वापरल्यावर एका व्हेलचं वय २००च्या वर निघालं होतं. मला ही गोष्ट आजही थक्क करते.)

प्रत्यक्षात दात हिऱ्याच्या पात्याच्या करवतीने, पाण्याची धार सोडत, अगदी हळू उभा कापतात. मधली साधारण एक मिलिमीटर जाडीची चकती घ्यायची, त्यातलं डेंटिन वेगळं करायचं, धुऊन त्याची पूड करायची. आठ-दहा मिलिग्रॅम पूड पुरते. चिमटीत घेतली तर जाणवणारही नाही इतकी. मग ती आम्लात तापवून प्रथिन तोडायचं आणि डाव्या-उजव्या रेणूंचं प्रमाण मोजायचं.

खरी मेख या तापवण्यात आहे, कारण उष्णतेनेही रेणू पलटतात. एकदा आमच्याकडे नमुने ठरल्यापेक्षा जास्त वेळ तापत राहिले आणि सगळ्याच दातांची वयं फुगून आली. ते लक्षात आलं, कारण त्याच खेपेत वय माहीत असलेल्या लोकांचे दातही ठेवलेले होते आणि तेही 'म्हातारे' झाले होते. त्या दिवसापासून, माहीत वयाचे, त्याच जातीचे दात सोबत न ठेवता काढलेल्या आकड्यावर माझा विश्वास नाही. 'त्याच जातीचे' हे महत्त्वाचं आहे. पहिली दाढ आणि अक्कलदाढ यांच्या घडणीत कित्येक वर्षांचं अंतर असतं, शिवाय पुढचे दात आतल्या दाढांपेक्षा थोडे थंड राहतात. एकाची मोजपट्टी दुसऱ्याला लावता येत नाही.

सगळं नीट जुळलं तर चूक साधारण तीन वर्षं इकडे-तिकडे एवढी राहते. म्हणून '४५' वाचताना मनात '४२ ते ४८' म्हणा. मुलगा १७चा की १८चा, हे यातून ठरवता येणार नाही. जिवंत माणसाचा निरोगी दात त्यासाठी काढणं तर मला पूर्ण गैर वाटतं; तिथे क्ष-किरणावर अक्कलदाढेची वाढ पाहतात, तिच्याही मर्यादा आहेतच.

वयाबरोबर जन्मसालही हवं असेल, तर कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, कामी येतो. १९५० आणि ६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला आणि १९६३च्या बंदी करारानंतर उतरत गेला. अन्नावाटे तो त्या त्या वर्षी बनणाऱ्या इनॅमलमध्ये शिरला आणि तिथेच कोंडला गेला. स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २००५ साली यावरून जन्मसाल सरासरी दीडेक वर्षाच्या फरकाने काढून दाखवलं. एकच पातळी चढावरही सापडते आणि उतारावरही, म्हणून वेगवेगळ्या वयात बनलेले दोन दात तपासतात. आधी बनलेल्या दातात पातळी कमी असेल, तर जन्म चढाच्या काळातला. आता हवेतली पातळी जवळपास पूर्वीवर आली आहे, त्यामुळे अलीकडे जन्मलेल्यांसाठी हे हत्यार बोथट झालंय.

या दोन पद्धती एकमेकींना छान पूरक आहेत. कार्बन सांगतो माणूस कधी जन्मला, अ‍ॅस्पार्टिक आम्ल सांगतं तो किती वर्षं जगला. कारण मृत्यूनंतर शरीर थंड पडलं की पलटण्याचा वेग खूपच मंदावतो. दोन्हींची बेरीज केली की मृत्यूचं साल हाताशी येतं. बेपत्ता माणसांच्या याद्या चाळणाऱ्याला याचा केवढा आधार होतो, ते मी जवळून पाहिलंय. हजारो नावांतून शंभरेक उरतात, आणि मग डीएनए कुणाशी जुळवून पाहायचा हे तरी ठरवता येतं.

मात्र जळलेल्या मृतदेहाचा दात अ‍ॅस्पार्टिक आम्लाच्या पद्धतीला चालत नाही. तो खऱ्या वयापेक्षा फार म्हातारा दिसतो. आणि ज्यांच्या हातात सांगाडा पहिल्यांदा येतो त्यांना एक कळकळीची विनंती: हाडं साफ करायला कवटी उकळायची असेल, तर त्याआधी निदान दोन-तीन दात काढून थंड जागी ठेवा. एकदा उकळलेल्या दातातलं वय कुठल्याच यंत्राने परत मिळत नाही.