जॉश जॉन्सनचे संघ मोजताना आकडा का जुळत नाही

एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधला क्वार्टरबॅक जॉश जॉन्सन याच्या कारकिर्दीचा तक्ता तुम्ही मराठीत करायला घेतलाय. बातम्यांत १४ संघ वाचले, आकडेवारीच्या पानावर मोजायला गेलात तर जेमतेम निम्मे सापडले, आणि २०१४ ते २०१७ ही वर्षं तिथे कोरीच. याच खड्ड्यात मीही आपटलोय, म्हणून जरा लांबण लावतो. क्वार्टरबॅक म्हणजे संघाची खेळी चालवणारा आणि ड्राफ्ट म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याची वार्षिक फेरी, एवढं धरून चालतो.

दोन्ही आकडे बरोबर आहेत: बातम्यांत करार झालेले सगळे संघ येतात, आकडेवारीच्या पानावर तो ज्यांच्याकडून मैदानात उतरला तेवढेच. चुकीची आहे ती तक्त्याची चौकट. ‘एक हंगाम, एक संघ, एक ओळ’ हा साचा रायन फिट्झपॅट्रिकला चपखल बसतो. तोही विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरला: २००५ ते २०२१ मध्ये ९ संघ. पण त्याचं सामान हलायचं ते दोन हंगामांच्या मध्ये, आणि नऊही संघांकडून त्याने सामन्याची सुरुवात केली (म्हणजे पहिल्या खेळीपासून खेळला). त्यामुळे ओळीला ओळ जुळते. जॉन्सनचं बिऱ्हाड हलतं ते ऑगस्टच्या शेवटी, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, डिसेंबरच्या पहिल्या मंगळवारी. त्याच्या बाबतीत मोजायचं एकक हंगाम नाही, आठवडा आहे. फिट्झपॅट्रिकचे ९ आणि जॉन्सनचे १४ शेजारी ठेवून ‘विक्रम’ म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. पहिला आकडा मैदानावरचा आहे, दुसरा करारावरच्या सह्यांचा.

सह्यांचे १४ असे: टॅम्पा बे, सॅन फ्रान्सिस्को, क्लीव्हलंड, सिनसिनाटी, न्यूयॉर्क जेट्स, इंडियानापोलिस, बफेलो, बाल्टिमोर, न्यूयॉर्क जायंट्स, ह्यूस्टन, ओकलंड, वॉशिंग्टन, डेट्रॉइट, डेन्व्हर. सॅन फ्रान्सिस्को आणि बाल्टिमोरला तो पुन्हा पुन्हा गेलाय, ते एकदाच मोजलेत. ओकलंडचा संघ आता लास वेगसला आहे आणि वॉशिंग्टनचं नाव दोनदा बदललं. आजच्या नावांनी शोधलंत तर जुन्या नोंदी हाती लागणार नाहीत.

आता ज्या एका चुकीपायी माझा अख्खा तक्ता फुकट गेला ती. प्रॅक्टिस स्क्वॉडमधून (सरावापुरत्या राखीव गटातून) सामन्यापुरतं वर घेणं आणि करार करणं या दोन्ही नोंदी मी एकाच रकान्यात टाकल्या.

सक्रिय यादी ५३ जणांची. तिच्या बाहेर १६ जणांचा प्रॅक्टिस स्क्वॉड. सामन्याच्या आदल्या दिवशी संघ त्यातल्या दोघांना वर घेऊ शकतो. सामना झाला की तो खेळाडू आपोआप स्क्वॉडमध्ये परत, मधे वेव्हरची (सोडलेल्या खेळाडूवर इतर संघांनी दावा सांगण्याची) भानगड नाही. एका खेळाडूला हंगामात असं तीनदाच वर घेता येतं. प्रत्येक वेळी नोंदी मात्र दोन होतात, वर गेल्याची आणि परतल्याची. तीन सामन्यांच्या सहा नोंदी. त्या ‘आला, गेला’ म्हणून मोजल्या की एकाच संघात निवांत बसलेला माणूस तुमच्या तक्त्यात सहा वेळा नोकरी बदलतो.

दुसऱ्या संघाने प्रॅक्टिस स्क्वॉडमधून उचलणं ही गोष्ट वेगळी. तिथे थेट ५३ च्या यादीत जागा द्यावी लागते आणि किमान तीन आठवड्यांचा पगार बांधील असतो. जॉन्सनचं २०२१ बघा. ४ नोव्हेंबरला जेट्सचा क्वार्टरबॅक माइक व्हाइट दुखापतीने बाहेर गेल्यावर जॉन्सन उतरला. पासांनी ३१७ यार्ड, तीन टचडाऊन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात पोचवणं). तरी डिसेंबरात तो जेट्सच्या प्रॅक्टिस स्क्वॉडवरच. तिथून बाल्टिमोरने उचलला आणि २६ डिसेंबरला सिनसिनाटीविरुद्ध सुरुवातीपासून खेळवला, कारण तिथल्या दोन क्वार्टरबॅकपैकी लमार जॅक्सनचा घोटा दुखावलेला आणि टायलर हंटली कोविडच्या यादीत. पुढच्याच वर्षी तोच रस्ता: डेन्व्हरच्या स्क्वॉडमधून सॅन फ्रान्सिस्को, तिथला क्वार्टरबॅक जिमी गरॉपलो याचं पाऊल मोडल्यावर. तक्त्यात वेगळी ओळ मिळते ती अशा नोंदीला.

एका आकडेवारीच्या संस्थेला (नाव घेत नाही) असाच एक घोळ पुराव्यासकट कळवला होता. उत्तर ठरावीक: ‘आपली सूचना पोचली.’ पुन्हा लिहिलं, पुन्हा पोचली. दुरुस्ती काही झाली नाही, आणि तीच चूक इतर चार पानांनी जशीच्या तशी उतरवून घेतली. त्यामुळे ‘पाच ठिकाणी हेच दिलंय’ हा पुरावा धरू नका. संघाची त्या तारखेची घोषणा शोधा, ती नसेल तर ओळ कोरी ठेवा.

‘अनुभव’ हा रकाना ठेवणार असाल तर त्यातही गोम आहे. पूर्ण पगारावर सहा सामने भरले तर करारमुक्तीच्या (हव्या त्या संघाशी करार करायच्या मोकळिकीच्या) हिशेबात एक वर्ष धरलं जातं. पेन्शनसाठी तीन पुरतात. प्रॅक्टिस स्क्वॉडवर अख्खा हंगाम काढला तर करारमुक्तीच्या हिशेबात शून्य. म्हणून ‘२००८ पासून खेळतोय’ आणि ‘इतक्या वर्षांचा अनुभव’ हे कधीच जुळणार नाहीत. जुळवू नका.

तारखा सप्टेंबरमध्ये का घोटाळतात, तर त्यामागे पैसा. पुरेशी वर्षं भरलेला खेळाडू पहिल्या सामन्याला यादीत असला आणि नंतर काढला, तरी तो हंगामाचा उरलेला मूळ पगार मागू शकतो, कारकिर्दीत एकदाच. म्हणून संघ त्याला आधी मोकळा करतात आणि पहिला आठवडा उलटला की बोलावतात. तुमच्या तक्त्यात दहा-बारा दिवसांचं भोक दिसलं तर ते बहुतेक वेळा हेच. संघ बदललाय असं समजू नका.

(मी एजंट नाही, वकील तर नाहीच. हे नियम सध्याच्या, म्हणजे लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०२० च्या कामगार कराराचे. त्याआधी प्रॅक्टिस स्क्वॉड लहान होता आणि सामन्यापुरतं वर घेण्याची सोय नव्हती. जॉन्सनच्या जुन्या वर्षांना हे लावू नका.)

पगाराचा रकाना घ्याच, असं माझं मत. २०२४ चा दर बघा: सात किंवा जास्त वर्षं भरलेल्याला किमान १२ लाख १० हजार डॉलर, म्हणजे अठरा आठवड्यांत विभागले तर आठवड्याला सुमारे ६७ हजार. तोच माणूस प्रॅक्टिस स्क्वॉडवर असेल तर आठवड्याला जास्तीत जास्त २१,३००. वर, ठरावीक अटींच्या एक वर्षाच्या करारावर अशा जुन्या खेळाडूचे पगारमर्यादेत (संघाच्या एकूण पगारखर्चावरच्या कमाल मर्यादेत) त्या वर्षी ९ लाख ८५ हजारच धरले गेले. ही सवलत नसती तर संघांनी सरळ तरुण पोरगा घेतला असता.

त्याच्या १४ संघांवर विनोद करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. २०१८ मध्ये वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक ॲलेक्स स्मिथ याचा पाय मोडला, मग त्याच्या जागी आलेल्या कोल्ट मॅकॉयचा. ५ डिसेंबरला जॉन्सनची सही झाली. सहकाऱ्यांची नावं पाठ करायला त्याने मॅडन हा व्हिडिओ गेम वापरला, हे त्यानेच सांगितलंय. ९ तारखेला तो मैदानात, आणि १६ ला जॅक्सनव्हिलमध्ये १६-१३ असा विजय. सुरुवात करून जिंकलेला हा त्याचा पहिला सामना, ड्राफ्टनंतर दहा वर्षांनी. खेळी सांगणारा प्रशिक्षकांचा हेल्मेटमधला आवाज, खेळी सुरू करायच्या घड्याळात १५ सेकंद उरले की बंद होतो. तेवढ्यात खेळीची लांबलचक हाक ऐकून ती दहा जणांना जशीच्या तशी सांगायची, आणि त्या दहांची नावं गेल्याच आठवड्यात शिकलेली. पुन्हा पुन्हा बोलावणं येतं ते या कामासाठी. ओळखीचाही भाग आहेच: युनिव्हर्सिटी ऑफ सॅन डिएगोत त्याचे प्रशिक्षक जिम हारबॉ होते, २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतही तेच, आणि बाल्टिमोरला त्यांचे भाऊ जॉन. (सॅन डिएगो स्टेट हे वेगळं विद्यापीठ, तिथे गफलत करू नका.)

किरकोळ पण त्रासदायक: गुरुवार रात्रीचे सामने आपल्याकडे शुक्रवारी सकाळी दिसतात. तारखा अमेरिकेच्याच ठेवा, नाहीतर वर घेतल्याची नोंद सामन्याच्या दोन दिवस आधीची वाटते.

आणि इतर लीग. सॅक्रामेंटो माउंटन लायन्स (२०१२) आणि लॉस एंजेलिस वाइल्डकॅट्स (२०२०) या १४ मध्ये धरू नका, त्यांना खाली स्वतंत्र जागा द्या. सॅन डिएगो फ्लीटने त्याला २०१८ मध्ये निवडलं होतं, पण वॉशिंग्टनचं बोलावणं आल्यावर तो तिथे खेळलाच नाही. ती ओळ ठेवायचीच असेल तर सामन्यांच्या रकान्यात शून्य लिहा. कोरी सोडलीत तर पुढचा कोणीतरी ती ‘माहिती उपलब्ध नाही’ म्हणून भरून टाकेल.